इकाम्यापुरती लेक

कुवेतच्या फरवानियातल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला एक कॅलेंडर लटकलेलं असे. पैसे पाठवायच्या दुकानातून दर डिसेंबरात फुकट मिळतं तसलं. फखरुन्निसा त्यावर दुधाचा हिशेब लिहीत नसे की सणवार बघत नसे. मुलगी विमानात बसली त्या दिवसापासून सहा महिने मोजायचे आणि जी तारीख येईल तिच्याभोवती लाल पेनानं गोल काढायचा, एवढाच त्याचा उपयोग. त्या तारखेच्या आत कधीतरी फिजा घरी येणार.

कारण अगदी रुक्ष होतं. कुवेतमध्ये परक्या माणसाला राहायचं तर इकामा लागतो, म्हणजे राहण्याचा परवाना. आणि इकामा असलेला माणूस सलग सहा महिने देशाबाहेर राहिला की तो परवाना आपोआप रद्द होतो. कोणी नोटीस देत नाही, कोणी विचारत नाही. म्हणून बाहेर शिकायला गेलेली इथली सगळी पोरं सहा महिन्यांच्या आत एकदा कुवेतच्या जमिनीला पाय लावून जातात. आठवडाभर खातात, झोपतात, परत जातात. याला फरवानियात "इकामा वाचवायला येणं" म्हणतात. आया हे सांगताना जरा कुरकुरतात, पण ती कुरकुर खोटी असते. फखरुन्निसा तर तेवढंही नाटक करत नसे.

"बाकीच्या मुलकातली पोरं परदेशी गेली की आईबापाला विसरतात. आमच्याकडं सरकारच धाडतं परत," ती शीलाला म्हणाली होती.

शीला तिची जोडीदारीण. एका भारतीय शाळेच्या दोन बसवर दोघी आंट्या होत्या. पोरांना चढवायचं, उतरवायचं, डोकी मोजायची, उलटी झाली तर पुसायची. शीला लातूरची, तोंडाची फटकळ.

"सरकार कागदाला धाडतं गं. कागदासंगं पोरगी येती, इतकंच," ती म्हणाली.

फखरुन्निसा हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

फखरुन्निसा मूळची दापोलीकडची, बुरोंडीची. बारावी पहिल्या वर्गात पास झाली. दापोलीच्या कॉलेजात नाव घातलं, अकरा दिवस गेली, आणि बाराव्या दिवशी यूसुफचं स्थळ आलं. मुलगा कुवेतला, म्हणजे पुढचं बोलणंच खुंटलं. ते अकरा दिवस ती पुढं पंचवीस वर्षं पदवीसारखे मिरवत राहिली. अकरा दिवसांत कोण बाई काय शिकवायच्या, त्यांची साडी कुठली, ग्रंथालयाच्या खिडकीतून काय दिसायचं, सगळं तिला पाठ. फिजा आठ वर्षांची असताना एकदा म्हणाली, "अम्मा, इलेव्हन डेज इज नॉट कॉलेज." फखरुन्निसानं तिला चापट मारली आणि मग संध्याकाळभर तिच्याशी गोड गोड बोलत राहिली.

यूसुफ एका बांधकाम कंपनीत मंदूब होता. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. तीनशे कामगारांचे इकामे, अंगठे, मेडिकल, सगळं त्याच्या हातून जाई. तो वाईट माणूस नव्हता. दारू नाही, आरडाओरडा नाही, बायकोवर हात टाकणं नाही. पण तीस वर्षं फायली वाहून त्याला माणूस दिसेनासा झाला होता, फाइलच दिसे. कामगार भांडला, घरी जातो म्हणाला, की यूसुफ त्याचा पासपोर्ट काहीतरी कारण काढून मागून घेई आणि सांगे, "ऑफिसात अडकलाय, दोन दिवसांनी या." दोन दिवसांचे चार होत. चौथ्या दिवशी माणूस निमूट कामावर. "दोन दिवसांत कोणीपण थंड होतो, फखरू," तो जेवताना सांगे. आपल्या हुशारीचं कौतुक त्याला होतं आणि ती भाकरी वाढता वाढता ऐकून घेई. त्या कामगारांची नावं तिला माहीत नव्हती, म्हणून वाईटही वाटत नसे.

फिजा एकुलती एक. शाळेत तिनं फ्रेंच घेतलं ते केवळ हिंदीच्या बाईंशी पटत नव्हतं म्हणून. पण ते तिला जमलं. फ्रेंचच्या सरांनी सांगितलं की फ्रान्समधल्या सरकारी विद्यापीठाची फी मुंबईच्या खाजगी कॉलेजापेक्षा कमी पडते. यूसुफला एवढं पुरलं.

"पॅरिस काय?" त्यानं विचारलं.

"नो, बाबा. विशी. फर्स्ट इयर लँग्वेज, मग लिमोज."

"पॅरिसपासून किती?"

"तीन तास. ट्रेननं."

"मग पॅरिसच की," यूसुफ म्हणाला, आणि कंपनीत, मशिदीत, नात्यात सगळीकडे पॅरिसच सांगून आला.

विशी कसलं पॅरिस. म्हाताऱ्यांचं गाव ते. जमिनीतून गंधकाचं कोमट पाणी येतं, आणि पोटाचे, सांध्यांचे रोगी पेले घेऊन नळाशी उभे राहतात. फिजानं फोनवर दाखवलं तेव्हा फखरुन्निसा ओरडलीच, "अगो, हे तर आपलं उन्हवरं!" दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यात तिच्या आजीनं गुडघे भिजवले होते. फिजा खूप हसली. त्या दिवशी दोघी तासभर बोलल्या.

फिजा एका एकट्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत होती. मादाम म्हणायचं तिला. आईनं दिलेली सोड्यांची, म्हणजे सुक्या कोलंबीची, पुडी तिनं जानेवारीत एकदा तव्यावर टाकली, तर मादामनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि ओव्हरकोट घालून दोन तास दिवाणखान्यात बसून राहिली. बोलली काहीच नाही. पुढल्या आठवड्यात मात्र स्वतःच म्हणाली, तो मासा पुन्हा करणार असशील तर मला आधी सांग, मी बहिणीकडे जाते. जेवताना मादाम विचारी, तू कुवेतची? नाही, भारतीय. भारतात कुठं राहिलीस? राहिले नाही कधी. मग घर कुठं तुझं? फिजाचं फ्रेंच तेव्हा कच्चं होतं, त्यामुळे उत्तर द्यायची वेळ टळे.

पुढल्या वर्षी लिमोज. तिथं चिनी मातीची भांडी पूर्वापार होतात, आणि फिजाचा विषय त्याच मातीचा, म्हणजे सिरॅमिक्स. नात्यातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "एवढ्या लांब कपबश्या भाजायला?" फखरुन्निसा चिडली. मोडलेल्या हाडात बसवायचे तुकडे बनवतात, असं तिनं फिजाकडून दोनदा समजून घेतलं आणि भेटेल त्याला सांगितलं. लिमोजचं तिला सगळं ठाऊक झालं. दुपारी दुकानं बंद. रविवारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला नमस्कार करायचाच, नाही केला तर तो रागानं बघतो. हलालवाला स्टेशनच्या मागं, मोरोक्कोचा, फिजाला बेटी म्हणतो. समुद्र नाही, नुसती नदी. "मासे मिळतात काय?" या प्रश्नाला फिजा दर वेळी तेच सांगे, "फ्रोजन, अम्मा." आणि दर वेळी फखरुन्निसाच्या तोंडून च्च असा आवाज निघे.

डिसेंबरात एकदा, जुलैत एकदा अशी फिजा इकामा वाचवायला येई. पहिल्या दोन खेपा खरोखर सुखाच्या गेल्या. फखरुन्निसा पापलेट आणी, सांदण करी, आणि पोरगी खाऊन जमिनीवर आडवी पडे. पण एकदा तिनं पाकिटातून एक कार्ड काढून आईच्या हातात दिलं. फ्रान्समध्ये राहण्याचं कार्ड.

"बघ, अम्मा. माझा फोटो, माझं नाव."

"मग? इकाम्यावर पण तुझंच नाव हाय."

"इकाम्यावर बाबांचं पण आहे. मी बाबांची डिपेंडंट. यावर बाबा नाहीत, कोणीच नाही. ओन्ली मी."

फखरुन्निसाला त्यात एकटेपणा दिसला. पोरीला काय दिसलं ते तिनं विचारलंच नाही.

तिसऱ्या खेपेपासून मुलं दाखवणं सुरू झालं. सुरुवात फखरुन्निसानंच केली, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी वर्षातून दोनच आठवडे हाती लागते. तेवढ्यात नाही दाखवलं तर कधी दाखवायचं? इथल्या सगळ्याच घरांत असं चालतं. पोरं इकामा वाचवायला उतरली की आयांचे फोन सुरू. कुणाचा मुलगा इथंच महबूल्यात, कुणाचा बहारीनला. फिजा समोर येऊन बसे, चहा देई, आणि पाहुणे गेले की "नो" म्हणे. भांडण नाही, रडणं नाही. यूसुफला त्या नुसत्या "नो"चाच जास्त राग येई.

२०२४च्या जुलैत यासिरचं स्थळ आलं. सबाह अल-सालेमला राहणारी माणसं, मूळ दाभोळची. मुलगा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मॅनेजर, सालस, जरा लाजरा. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शुक्रवारी यायचं ठरलं. फिजाला हे रविवारी कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी गुरुवारी जाते. तिकीट बदलते."

सोमवारी सकाळी यूसुफनं तिचा पासपोर्ट मागितला. पासपोर्ट नवा होता, त्याचा नंबर इकाम्यावर चढवायचा राहिला होता. तो घेऊन तो बाहेर गेला. दुपारी आला तेव्हा फिजा आंघोळीला गेली होती. त्यानं पासपोर्ट फखरुन्निसाच्या हातात दिला.

"कपाटात ठेव, तुझ्या कपड्यात. चार दिवस. विचारलं तर ऑफिसात अडकलाय म्हणायचं."

"अवो, पण—"

"फखरू, मी काय तिला विकतोय काय? शुक्रवारी बसेल, बोलेल, मुलगा बघेल. दोन दिवसांत थंड होते."

फखरुन्निसानं पासपोर्ट शाळेच्या बसवर घालायच्या निळ्या कोटाखाली ठेवला. शाळेला सुट्टी होती, कोट ऑगस्ट संपेपर्यंत कोणी काढणार नव्हतं. आपल्याही मनात तेच होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. मुलगी आणखी तीन दिवस राहील. तीन दिवस जास्त मिळाले तर आईला का नकोत?

मंगळवारी फिजा स्वयंपाकघरात आली. बाहेर उन्हानं रस्ते पांढरे पडले होते. तिनं फोन आईपुढं धरला.

"अम्मा, हे सरकारी अॅप आहे. माझा नवा पासपोर्ट नंबर इथं आलाय. मंडे, टेन थर्टी. काम झालंय. मग पासपोर्ट कुठं आहे?"

"मला काय ठावं? बाबांना विचार."

"तुला विचारतेय."

"ऑफिसात अडकला असेल," फखरुन्निसा म्हणाली, आणि कांदा चिरायला घेतला.

फिजानंही सुरी घेतली आणि लसूण सोलत बसली. पुन्हा पासपोर्टचं नाव काढलं नाही. फखरुन्निसाला वाटलं, यूसुफ म्हणतो ते खरंच आहे, थंड झाली.

शुक्रवारी पाहुणे आले. फिजा आकाशी सलवार-कमीज घालून बसली. यासिरच्या आईनं विचारलं, "तिकडं काय शिकतेस गो?"

"सिरॅमिक्स. बोन इम्प्लांट्स."

"म्हणजे?"

"इंजिनिअरिंग," फखरुन्निसा घाईनं म्हणाली.

यासिर हसून म्हणाला, "म्हणजे सुटे भागच. माझ्यासारखं." फिजासुद्धा हसली. खरंच हसली. मुलगा दुसऱ्या कुठल्या दारानं तिच्या आयुष्यात आला असता तर कोण जाणे.

पण यूसुफला राहवेना. "शिक्षणाचं काय, होईल पुरं. निकाह झाला की इकामा माझ्या नावावरून यासिरच्या नावावर घालायचा. मी करून देतो. दोन दिवसांचं काम."

फिजाचं हसणं तिथंच थांबलं. तिनं कपबश्या गोळा केल्या. तिला विचारलं तेव्हा ती "ओके" म्हणाली. डिसेंबरात येईल तेव्हा साखरपुडा, असं ठरलं, मिठाई फिरली. शनिवारी सकाळी यूसुफनं पासपोर्ट तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "झालं बघ काम," तो म्हणाला. फिजानं तो उचलला, उघडूनही बघितला नाही. रविवारी, अठ्ठावीस जुलैला, ती गेली. विमानतळावर आईनं मिठी मारली तेव्हा ती ताठ उभी होती. फखरुन्निसानं घरी येऊन सहा महिने मोजले. सत्तावीस जानेवारी. लाल गोल.

सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. फोन येत, पण लहान होत गेले. डिसेंबरात फिजा म्हणाली, परीक्षा आहे. मग म्हणाली, तिकीट नाही. साखरपुड्याची तारीख यासिरकडच्यांनी एकदा पुढं ढकलली, दोनदा ढकलली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यूसुफनं मेसेज केला की विद्यापीठाचं पत्र पाठव, शिकतेय म्हणून जादा मुदतीचा अर्ज करून बघतो. उत्तर आलं, "ओके". पत्र आलं नाही.

"रद्द होऊ दे," यूसुफ म्हणाला. "मग कळेल. इकडं येते म्हणाली तर येता येणार नाय. इंडियात घर हाय ते पण माझंच. जाईल कुठं?"

त्याची युक्ती फक्त ज्याला जायला दुसरी जागा नाही त्याच्यावरच चालते, हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. फखरुन्निसाच्या आलं, पण ती बोलली नाही.

शीला बोलली. शाळेच्या फाटकाशी दोघी बसची वाट बघत होत्या.

"तू लपवला होतास ना पासपोर्ट?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला पाहिजे? ऑफिसात अडकला म्हणालीस तेव्हाच कळलं मला. यूसुफभाईला तुमच्या घरात कपाट कुठलं ते तरी माहीत आहे का? तूच ठेवला असणार. मग तसं सांग तिला. पाच दिवस राहिलेत."

त्या दुपारी बसवरून आल्यावर फखरुन्निसानं निळा कोटही काढला नाही, फोन लावला. लिमोजमध्ये दुपारचा एक वाजला होता. फिजा खोलीतच होती, मागं काचेवर पाऊस.

"पोरी, तुला एक सांगायचंय. तो पासपोर्ट ऑफिसात नव्हता."

"आय नो."

"माझ्याकडं होता."

"आय नो, अम्मा. तुझ्या कोटाखाली."

फिजा शांतपणे सांगत होती, इंग्रजी आणि घरचं बोलणं मिसळून, लहानपणी गृहपाठ वाचून दाखवायची तसं. सोमवारीच संध्याकाळी तुझी ओढणी काढायला कपाट उघडलं तेव्हा मिळाला. हातात घेतला. तिकीट बदललं असतं तर जाता आलं असतं. पण परत ठेवला.

"का?"

"तू देतेस का ते बघायचं होतं. मंगळवारी तुला विचारलं ते त्यासाठीच. मग वेन्सडे, थर्सडे. शुक्रवारी पाहुणे यायच्या आधी पण मी तुझ्या खोलीत आले होते, आठवतं? तू म्हणालीस, आकाशी घाल, तुला शोभतो."

आठवत होतं. फखरुन्निसा पलंगावर बसली.

"चूक झाली माझी. तू ये. पाच दिवस हायत. ये, नुसती ये. यासिरचं मी बघते."

"मी आले आणि बाबांनी परत तुला पासपोर्ट दिला, ठेव म्हणाले, तर काय करशील?"

बाहेरच्या खोलीत यूसुफ होता. टीव्ही बंद होता, दार उघडं होतं. ऐकत असणार. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते मोठ्यानं बोलायला हवं होतं, त्याला ऐकू जाईल असं. फखरुन्निसानं दाराकडं पाहिलं. फोन तोंडाशी नेला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तू ये तर आधी. मग बघू."

काचेवरचा पाऊस ऐकू येत होता. मग फिजा म्हणाली, "क्लास आहे, अम्मा. ठेवते."

सत्तावीस तारीख गेली. अठ्ठावीस गेली. तिसऱ्या दिवशी यूसुफनं स्वतःच्या फोनवर अॅप उघडलं आणि तिला दाखवलं. त्याच्या नावाखाली आधी दोन नावं असत. आता एकच होतं, तिचं.

"झालं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तीनशे माणसांच्या फायली बंद केलेल्या माणसाचा आवाज होता तो. "आता व्हिजिट व्हिसा. मी अर्ज केला तरच."

"ती मागणार नाय," फखरुन्निसा म्हणाली.

"मागेल. आई हायस तू तिची."

शुक्रवारी दुपारी यासिरच्या आईचा फोन आला. बिचारी सभ्यपणानंच विचारत होती. मुलगी येणार कधी, आम्ही किती थांबायचं, यासिरला दुसरीकडून विचारणा आहे.

यूसुफ समोर बसला होता. त्यानं हातानं खूण केली, सांग मार्चमध्ये.

"ती येणार नाय," फखरुन्निसा मोठ्यानं म्हणाली, इतकी मोठ्यानं की फोनवरची बाई दचकली. "तिचा इकामा रद्द झाला. तिच्यात काय खोट नाय आणि तुमच्या मुलात पण नाय. आम्ही तिचा पासपोर्ट लपवून तिला तुमच्यापुढं बसवली होती. लपवला मी. माझ्या हातानं."

पलीकडून "अल्लाह," एवढंच, आणि फोन बंद.

यूसुफ तिच्याकडं बघत राहिला. ती वाट बघत होती की तो ओरडेल, हात उगारेल, काहीतरी होईल. पाच दिवस हातात असताना बोलायचं वाक्य पाच दिवस संपल्यावर बोलल्याची काहीतरी किंमत द्यावी लागेल, असं तिला वाटत होतं.

"लोकांना सांगायची काय गरज होती?" तो म्हणाला. मग चष्मा पुसला. "चहा ठेव."

तिनं चहा ठेवला.